नेमणुकीला आव्हान देणारा मुलांचा शत्रू कसा?

धागाकर्ता: "बालकल्याण समितीच्या नेमणुकांविरुद्ध याचिका करणारे मुलांच्या मुळावर उठले आहेत," ही पोस्ट वाचली आणि राहवले नाही. मूल आईबापांकडे परत द्यायचे की संस्थेत ठेवायचे, हे दंडाधिकाऱ्याच्या अधिकाराने ठरवणाऱ्या या समितीच्या सदस्याकडे बाल न्याय कायद्याचे कलम २७ संबंधित विषयातली पदवी आणि तिच्या जोडीला मुलांसाठीचे ७ वर्षांचे काम किंवा त्या विषयातला चालू व्यवसाय मागते. तो निकष डावलला गेला, तर विचारायचे कुणी?

माजी अधीक्षिका: ती पोस्ट माझीच आहे आणि शब्द मागे घेणार नाही. आमच्या शिशुगृहात टाकून दिलेली ५ महिन्यांची मुलगी आली, तेव्हा नेमणुकांचा वाद कोर्टात होता आणि आमच्या समितीचा कार्यभार शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे. २ वर्षांखालील मुलाला दत्तकासाठी मुक्त, म्हणजे कायद्याने दत्तक देता येईल असे, घोषित करण्याची मुदत २ महिन्यांची आहे, पण त्यासाठी लागणाऱ्या ३ सदस्यांच्या सह्या झाल्या, तेव्हा ती माझा पदर धरून चालत होती.

वकील: ताई, हा दोष याचिकेचा नाही. सदस्याच्या पदाची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची असल्याने पद कधी रिकामे होणार, हे शासनाला नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. तरीही रिकाम्या जागा भरा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणात, म्हणजे याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठीच्या याचिकेत, सांगावे लागले. शिवाय नेमणूक रद्द झाली म्हणून आधीचे आदेश कोसळत नाहीत. न्यायाधीशांबाबत १९८१ च्या गोकराजू रंगराजू निकालात हे तत्त्व स्पष्ट झाले आहे.

माजी सदस्य: खरे दुखणे मानधनाचे आहे. महिन्याला किमान २० दिवस बसायचे, एसटीचे तिकीट स्वतः काढायचे आणि भत्ता ८ महिन्यांनी मिळायचा. अनुभवी शिक्षिका, समाजसेविका अर्जच करत नाहीत. मग ज्यांना पदाचा वेगळा उपयोग आहे, तेच उरतात.

वकील: विषय नेमणुकीच्या वैधतेचा आहे, भत्त्याचा नाही.

माजी सदस्य: तुम्ही एका तारखेचे किती घेता ते आधी सांगा! माझ्या शेवटच्या वर्षी दोन सहकारी याच कारणाने सोडून गेले आणि गणपूर्तीसाठी मी तापात बसलो. लायक माणूस यावा अशी तजवीजच नसेल, तर निवड वैध ठरवून काय साधणार?

धागाकर्ता: त्यांचे म्हणणे मला पटते, आवाज चढवलेला मात्र पटला नाही.

माजी अधीक्षिका: नेमणूक तपासली पाहिजे, एवढे मी नाइलाजाने मान्य करते. पण स्थगिती आक्षेप असलेल्या सदस्यापुरतीच मागा. अध्यक्ष धरून ५ जणांपैकी ४ उरले, तरी सह्या होतात.

वकील: पुढच्या अर्जात तशीच विनंती लिहीन. संपूर्ण यादीच सदोष असेल तेव्हा मात्र ते शक्य होणार नाही.

माजी अधीक्षिका: तेव्हा निकालाची तारीख जवळची मागा, वकीलसाहेब. बाळाचे दात तारखेसाठी थांबत नाहीत.