डोक्यावर दोन भोवरे, केस बसतच नाहीत. कसे कापून घ्यावेत?

माझ्या डोक्यावर मागे दोन भोवरे आहेत, शेजारी-शेजारी. लहानपणापासून भांग कुठूनही पाडा, मागचे केस मोराच्या तुऱ्यासारखे उभे. केस सरळ, राठ आणि दाट. टक्कल किंवा कोंडा नाही.

जेल लावलं तर दुपारपर्यंत टिकतं, मग पांढरे पापुद्रे सुटतात. वॅक्सने केस नुसते तेलकट दिसतात. ओल्या केसांवर रुमाल बांधून झोपणंही झालं (हसू नका). मशीनने 3 नंबर मारला की भोवऱ्यांपाशी टाळू दिसते, आणि इंचभर वाढले की पुन्हा तुरा हजर. केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे एक प्रयोग फसला की पुढच्यासाठी थांबावं लागतं.

मुळांचा कोनच तसा असल्याने भोवरा जाणार नाही हे माहीत आहे, तेव्हा 'तेल लावा' कृपया सांगू नका. रासायनिक स्ट्रेटनिंग नको. सकाळी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही.

ज्यांना असे दोन भोवरे आहेत त्यांना विचारतो: मागचे केस स्वतःच्या वजनाने बसावेत म्हणून किती लांब ठेवता? आणि कापताना तिथे कात्री चालवायला सांगता की मशीन?