शेल्टरमधल्या वयस्क मांजराला घर शोधून देताना (अनुभव धागा)

पिल्लू हातोहात जातं, अकरा वर्षांचा बोका बसून राहतो. अशा मांजरांना घर मिळवून देणाऱ्यांनी इथे लिहावं. ‘अरेरे’ आणि ‘बिच्चारं’ सोडून बाकी सगळं चालेल: जाहिरात, तपासण्या, घर बघणं, पहिले दिवस, कुठे फसतं.

शेल्टर स्वयंसेवक, पुणे

जाहिरातीत वय लपवू नका. दातांवरून काढलेलं वय अंदाजीच असतं, म्हणून ‘अंदाजे 10 ते 12’ असं लिहा. फोटो जमिनीवर बसून, मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर, खिडकीच्या उजेडात काढायचा. पिंजऱ्याच्या गजांमागचा फोटो नको, त्यात मांजर आजारी दिसतं. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त कामाचा, कारण म्हाताऱ्या मांजराची खरी जमेची बाजू त्याचा स्वभाव. तो कळून चुकलेला असतो, पिल्लाचा अजून कळायचा असतो. उचललेलं चालतं का, कुत्र्याची सवय आहे का, लहान मुलांपासून लांब पळतं का, हे नेमकं लिहा.

‘शांत आहे’ हा शब्द टाळा. दुखतंय म्हणून हलत नसलेलं मांजरही शांतच दिसतं.

सोबत फाइल द्या: नसबंदी, रेबीज आणि तिहेरी लसीच्या तारखा, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधं, महिन्याचा अंदाजे खर्च. खर्चाचा आकडा आधी सांगितला की निम्मे फोन बंद होतात. होऊ देत. उरलेले खरे असतात.

पशुवैद्यक, ठाणे

देण्याआधी किमान एवढं करा: रक्तगणना, क्रिएटिनिन, साखर, थायरॉइडचा टी-4, लघवीची घनता, जमल्यास रक्तदाब. एफआयव्ही आणि फेलव्ही (मांजरांना एकमेकांपासून होणारे दोन विषाणू) यांची किट-चाचणीही, विशेषतः नव्या घरी दुसरं मांजर असेल तर. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. मूत्रपिंडाचं बरंचसं काम गेल्यावरच ते वर चढतं. लघवी पातळ होणं त्याआधी दिसतं.

दात बघायला तोंड उघडायची गरज नाही, आधी जेवताना बघा. मान एका बाजूला कलती करून चावतं, कोरडा दाणा उचलून परत ताटलीत टाकतं, वाटीपर्यंत धावत येतं आणि हुंगून मागे फिरतं: दात दुखतोय. भरपूर खाऊनही वाळत असेल तर थायरॉइड किंवा मधुमेह तपासा. नखंही बघा. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होऊन वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात, दर दोन-तीन आठवड्यांनी कापावी लागतात.

घर बघायला जाणारी, मुंबई

आधी खिडक्या. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं, शिवाय उन्हाने ती कुजते. स्टीलची जाळी हवी, आणि बाथरूमच्या काचपट्ट्यांची खिडकीही धरायची. ती सगळे विसरतात.

मग लादी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर सांधे धरलेलं मांजर घसरतं आणि मग एका कोपऱ्यातून हलतच नाही. ताटलीपासून शी-शूच्या ट्रेपर्यंत सतरंजी किंवा जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या टाकायला सांगते. पलंगाशी एक पाट ठेवला की चढउतार होते.

लादी कशाने पुसता, हेही विचारते. फिनेल मांजराला विषारी, पंजे चाटताना ते पोटात जातं. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिनवालं औषध आणि माणसाची पॅरासिटामॉल, दोन्ही जीवघेणी. फ्लॉवरपॉटमधली लिलीसुद्धा.

नाशिककर

गणपती ते दिवाळी मांजर हलवू नका. पाहुणे, ढोल, फटाके. एवढंच.

तात्पुरतं सांभाळणारे, कोल्हापूर

पहिले काही दिवस एकच खोली. तिच्यात ट्रे, पाणी, ताटली आणि दार कापलेला पुठ्ठ्याचा खोका. ट्रे ताटलीपासून लांब. बाजारातल्या ट्रेची कड बरेचदा उंच असते, म्हातारं मांजर ती ओलांडण्यापेक्षा शेजारी शी करतं आणि लोक ‘घाण करतं’ म्हणून परत आणतात. कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टब घ्या, एका बाजूची कड पाच-सात सेंटिमीटर ठेवून कापा, कापलेल्या धारेवर चिकटपट्टी लावा. आत बिनवासाची वाळू.

खाणं शेल्टरमधलंच. बदल सात ते दहा दिवसांत, पाव-पाव भाग वाढवत. दूधभात नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात. सुकट-बोंबील तर अजिबात नको, मीठ फार. उकडलेलं चिकन बिनमिठाचं, कांदा-लसूण न घालता. पण नुसतं चिकन रोज चालत नाही, त्यात कॅल्शियम फार कमी.

वजन आठवड्याला एकदा, शक्यतो बाळांच्या काट्यावर. चार किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम घटणं म्हणजे दहा टक्के, आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही.

शेल्टर स्वयंसेवक, पुणे

कोल्हापूरच्या दादांच्या मुद्द्यात भर: ‘नवीन आहे, खाईल हळूहळू’ म्हणून थांबू नका. 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही जाड्याच्या, यकृतात चरबी साचते आणि मग नळीने भरवायची वेळ येते. आधी अन्न कोमट करून बघा, वास सुटला की काही जण खातात.

पेन्शनर, सांगली

आजी-आजोबांना मांजर देऊ नये, असं मत बऱ्याचदा ऐकू येतं. मला पटत नाही. दिवसभर घरात माणूस, उड्या मारणारी पोरं नाहीत, औषधाच्या वेळा पक्क्या. फक्त मांजर देतानाच्या करारात दुसरं नाव हवं: दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर मांजर कोण नेणार? त्या माणसाशी स्वतः बोला, सही घ्या. आणि ‘कधीही परत घेऊ’ हे वाक्य लिहाच. ते नसलं की मांजर मासळीबाजारात सोडलं जातं. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, हेही त्यातच छापा.

पशुवैद्यक, ठाणे

मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला घरी सलाइन द्यायचं असेल तर सुपूर्द करण्याआधी नव्या माणसाकडून आमच्यासमोर एकदा करून घ्या. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलायची, सुई त्या तंबूच्या पायथ्याशी. किती मिली, ते डॉक्टर ठरवतील. हृदयाचा त्रास असेल तर हे घातक ठरू शकतं. नंतर खांद्यावर किंवा पुढच्या पायाकडे पाण्याची फुगी लोंबते, तिला लोक घाबरतात. काही तासांत ती जिरते.

तात्पुरतं सांभाळणारे, कोल्हापूर

आणि कॅरिअरमध्ये (मांजर न्यायच्या पेटीत) त्याच्या पिंजऱ्यातली गोधडी घालून द्या. न धुता.