सारंगखेड्याची यात्रा: तमाशा आणि जेवण एकाच रात्रीत कसं बसवावं?

केळीचाघड:
जळगावहून चौघं सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) घोडेबाजाराच्या यात्रेला येतोय, सोबत आई आहे. घोडे बघायचे, रात्री तमाशा वगापर्यंत, म्हणजे शेवटच्या नाट्यापर्यंत, ऐकायचा आणि मधे धड जेवायचं. कोणत्या दिवशी यावं? रेल्वेने येणार.

तापीकाठ:
यात्रा दत्तजयंतीला सुरू होते, तो दिवस सोडा. एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांगच दिवस खाऊन टाकते. तीन-चार दिवसांनी या. गेल्या वर्षीची तारीख धरू नका: दत्तजयंती २०२४ ला १४ डिसेंबरला होती, २०२५ ला ४ ला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २३ डिसेंबरला गेली.

सुरत लाइनवर दोंडाईचाला उतरा. तिथून शहाद्याची एसटी सारंगखेड्यावरूनच जाते, तापीचा पूल ओलांडला की गाव. घोडे सकाळच्या कोवळ्या उन्हात बघा, तेव्हा ते फिरवायला काढतात. मारवाडी घोडा कानावरून ओळखा, टोकं आत वळून एकमेकांना भिडतात. मागून मात्र जाऊ नका, आणि हलगीवर नाचणाऱ्या घोड्यापासून चार हात लांबच.

ढोलकीचीशाई:
तमाशाच्या जाहिरातीच्या गाडीवर सांगतात ती वेळ तिकीट खिडकीची समजा. तंबू भरत नाही तोवर पडदा हलत नाही. आधी गण, मग गौळण, बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (लावण्या-नाच) आणि शेवटी वग. तो मध्यरात्रीकडेच लागतो. बरेच जण रंगबाजीनंतर उठतात. चूक करतात, सोंगाड्याचं खरं काम वगात असतं. अगदी पुढे भोंग्याखाली बसू नका, ढोलकीचा नुसता गोंगाट ऐकू येतो. ढोलकीवाला ज्या बाजूला उभा राहील त्या बाजूला, मधल्या रांगेत बसा. जमिनीतून गारठा चढतो, तेव्हा आईसाठी सतरंजीखाली जाड काहीतरी घालाच.

बडगीतलंभरीत:
सात-साडेसातला जेवून घ्या. भरीत कुठे खायचं ते नाकाने ठरवा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर लगेच कळतो. गॅसवर घाईने भाजलं की साल करपते, आत कच्चं राहतं आणि ठेचताना पाणी सुटतं. वांगी हिरवी-पांढरी, लांबट हवीत, बामणोदकडची. बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, आधी हिरवी मिरची-लसूण ठेचलेला असावा, वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी: चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद, मीठ दळतानाच. उडीद कमी पडले की भाकरीला चिकटपणा राहत नाही, कडा फाटतात.

मांडे (पुरणाची मोठी, पातळ पोळी) घ्याल तर आधी ते भाजायचं खापर, म्हणजे उलटं ठेवलेलं मातीचं भांडं, बघा. ते नीट तापलेलं नसलं की मांडा चिकटतो आणि पुरणाच्या ओलीने मधोमध फाटतो. घरी न्यायचे असतील तर वाफ जाईपर्यंत पसरून ठेवायला सांगा, मग घडी. गरम घडी डब्यात घातली की सकाळी लगदा. शेवभाजी दुसऱ्या दिवशी दुपारी खा भो, तमाशाआधी नको. काळ्या मसाल्याची तर्री पोटात गेली की गौळणीतच पाण्यासाठी उठावं लागतं.

केळीचाघड:
वग संपल्यावर परत कसं जायचं?

तापीकाठ:
पहाटेच्या एसटीपर्यंत थांबायची तयारी ठेवा, नाहीतर शहाद्याला खोली आणि परतीची जीप आधीच ठरवा. भाडं येताना बोलून घ्या, रात्री दोनला नाही. सुटे पैसे जवळ असू द्या. एवढ्या गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही, पैसे पाठवताना चक्र नुसतं फिरत राहतं.