व्हाइटलिस्ट, स्पॉन, टिक: घरच्या सर्व्हरची मराठी

बाभूळबन

सोसायटीतली पोरं मे महिन्याच्या सुट्टीत माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळाचा स्वतःचा सर्व्हर चालवणार आहेत. जावा आवृत्ती. जुना डेस्कटॉप माझा आणि विजेचं बिलही माझं, त्यामुळे नियम कोण ठरवणार हा प्रश्न आपोआप सुटला. हा सर्व्हर पहिल्यांदा चालवला की मागे फायली ठेवून लगेच बंद पडतो. त्यातली एक 'यूला': तिच्यातलं 'फॉल्स' खोडून 'ट्रू' लिहिलं, म्हणजे अटी मान्य केल्या, की मगच पुढे. दुसरी 'सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज'. खरा कारभार हिच्यात. एका ओळीत एक सेटिंग: डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत.

या दुसऱ्या फायलीवर मला पोरांसाठी मराठीत टिपण लिहायचंय. पोरं इंग्रजी नावं बिनदिक्कत घेतात, पण 'सिम्युलेशन डिस्टन्स म्हणजे काय रे?' असं विचारलं की 'ते असंच असतं' म्हणतात. अडलेले शब्द: व्हाइटलिस्ट, स्पॉन, सीड, टिक, व्ह्यू डिस्टन्स आणि सिम्युलेशन डिस्टन्स, ग्रीफिंग, ऑप. (इथे देवनागरीत लिहितेय, फायलीत अर्थातच रोमन.)

तर्कटी

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे मराठी आणायची नाही, एवढं आधी ठरवून टाका. 'मॅक्स प्लेअर्स'च्या जागी 'कमाल खेळाडू' लिहिलंत तर सर्व्हर तक्रारसुद्धा करणार नाही. ओळखीचं नाव सापडलं नाही म्हणून ते स्वतःच पुन्हा लिहील आणि २० ही गृहीत किंमत धरून मोकळा होईल. फायलीतच हॅशचं चिन्ह टाकून मराठी टिपा लिहायचा मोह होईल, तोही टाळा. सुरू होताना सर्व्हर ती फाइल नव्याने लिहितो, त्यात तुमच्या टिपा गायब. टिपण वेगळंच ठेवा.

आणि शब्दाला शब्द कशाला शोधता? पोरांना नाम नकोय, क्रियापद हवंय. ही ओळ बदलली की काय होतं, तेवढं सांगा.

फळा-डस्टर

मी हा खेळ खेळलेलो नाही, नातू खेळतो. तर्कटींनी जाता जाता वापरलेली 'गृहीत किंमत' मला आवडली. 'डिफॉल्ट'साठी 'पूर्वनिर्धारित' वाचलं की कुणी तरी बैठक घेऊन ते निर्धारित केलं असावं असं वाटतं. गृहीत म्हणजे, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून धरून चाललो. नेमकं तेच.

व्हाइटलिस्टला 'श्वेतसूची' कृपया नको. ती यादी नेमकं काय करते ते कुणी सांगेल का?

घाटमाथा

सांगतो सर. बऱ्याच वर्षांपासून मित्रांसाठी घरूनच सर्व्हर चालवतोय.

यादीशी संबंधित दोन ओळी आहेत आणि त्या पोरांना एकच वाटतात. पहिली, 'व्हाइट-लिस्ट': ही चालू केली की ज्याचं नाव यादीत नाही त्याला आत येता येत नाही. दुसरी, 'एन्फोर्स-व्हाइटलिस्ट': यादीत नाव नसलेला कुणी आधीपासून आत असेल, तर यादी पुन्हा वाचली जाताच त्याला बाहेर काढलं जातं. दोन्ही गृहीत 'फॉल्स', म्हणजे बंद.

फळा-डस्टर

मग हे दोन शब्द मराठीत तयारच आहेत. पहिली ओळ 'मज्जाव', दुसरी 'हकालपट्टी'. यादीला नुसतं 'यादी' म्हणा, रंग देऊ नका.

बाभूळबन

वा! टिपणात असंच टाकते: 'यादीबाहेरच्यांना मज्जाव' आणि 'यादीबाहेरच्यांची हकालपट्टी'.

क्रीपरचा_शेजारी

काकू, पण ऑनलाइन-मोड फॉल्स करायचा ना? आमच्यातल्या दोघांकडे विकतचं अकाउंट नाहीये. आणि सगळे एकाच बिल्डिंगमध्ये, वायफायवरच खेळणार, मग ऑनलाइन कशाला?

घाटमाथा

थांब! या फायलीतलं सगळ्यात फसवं नाव हेच. 'ऑनलाइन-मोड'चा इंटरनेटवरून खेळण्याशी संबंध नाही. 'ट्रू' असेल तर येणारा माणूस त्या नावाच्या खात्याचा खरा मालक आहे का, हे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारलं जातं. 'फॉल्स' केलं की विचारणं बंद. म्हणजे कुणीही, कुठलंही नाव लावून आत. काकूंच्या नावाने आला तर काकूंचे सगळे अधिकार त्याला. वर ठरलेला मज्जावही मग नावापुरता, कारण यादीतलं एखादं नाव ठाऊक असलं की झालं. विकत न घेता खेळणं नियमात बसत नाही, हा मुद्दा वेगळाच.

टिपणात याला 'ओळख पडताळणी' म्हणा. आणि चालूच ठेवा.

तर्कटी

+१. 'ऑनलाइन' हा मराठीत रुळलेला शब्द आहे म्हणून तसाच ठेवला असता तर इथे गोची झाली असती. रुळलेला आहे, पण वेगळ्या अर्थाने.

बाभूळबन

स्पॉनचं बघू. खेळाडू पहिल्यांदा जगात येतो तेही स्पॉन, मेल्यावर परत येतो तेही रीस्पॉन, आणि अंधारात झॉम्बी येतात तेही स्पॉनच. 'अवतरणे' लिहिलं होतं, पण झॉम्बी अवतरला म्हटलं की दशावतारातला वाटतो.

फळा-डस्टर

खेळाडू अवतरतो. झॉम्बी उपटतो. 'हा कुठून उपटला?' मराठीत नको असलेला माणूस उपटतोच. इंग्रजीत एक क्रियापद आहे म्हणून आपणही एकातच भागवावं असं नाही.

क्रीपरचा_शेजारी

उपटतो 😂 फायनल.

पण स्पॉनजवळ घर बांधता येत नाही. दगड फोडला की परत येतो. सर्व्हर खराब आहे का?

घाटमाथा

खराब नाही. 'स्पॉन-प्रोटेक्शन' या ओळीत १६ लिहिलेलं असतं. अवतरण्याच्या ठिकाणापासून चारही दिशांना १६ ठोकळे, मधला धरून ३३ गुणिले ३३ चा चौरस, तिथे कारभाऱ्यांखेरीज कुणालाच फोडता-बांधता येत नाही. गंमत अशी की सर्व्हरवर एकही ऑप, म्हणजे जादा अधिकार दिलेला खेळाडू, नेमलेला नसेल तर हे संरक्षण लागूच होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी सगळे खुशाल बांधतात, दुसऱ्या दिवशी कुणाला तरी ऑप करतात, आणि एकदम बाकीच्यांचे हात बांधले जातात. नको असेल तर १६ चं ० करायचं आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा.

तर्कटी

'राखीव जागा'. वनखात्यामुळे 'राखीव' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आणि तुम्ही ऑपला 'कारभारी' म्हणून गेलात, ते मुद्दाम की ओघात?

घाटमाथा

ओघात. पण बसतंय. ऑपच्या चार पायऱ्या असतात. पहिलीवर फक्त राखीव जागेत हात घालायची मुभा. दुसरीवर वस्तू वाटणं, वेळ-हवामान बदलणं असल्या आज्ञा. तिसरीवर लोकांना हाकलणं, बंदी घालणं, दुसऱ्याला ऑप करणं. चौथीवर थेट सर्व्हर बंद करता येतो. नुसतं 'ऑप' केलं की गृहीत पायरी चौथी मिळते, हे मात्र लक्षात ठेवा. सातवीतल्या पोराच्या हातात एकदम चौथी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फळा-डस्टर

राखणदार, मुकादम, कारभारी, मालक. चढत्या क्रमाने.

बाभूळबन

हे तर जसंच्या तसं उचललं. मालक मी.

आता दोन डिस्टन्स. 'दृश्य अंतर' आणि 'अनुरूपण अंतर' असं एका ठिकाणी वाचलं. दुसरं वाचून मलाच काही कळलं नाही, पोरांना काय सांगू?

घाटमाथा

दोन्हींत फरक असा: जग १६ गुणिले १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत कापलेलं असतं, त्यांना चंक म्हणतात. व्ह्यू डिस्टन्स म्हणजे सर्व्हर तुम्हाला किती चंकांपर्यंतचं जग पाठवतो. सिम्युलेशन डिस्टन्स म्हणजे किती चंकांपर्यंत ते जग चालू असतं: पीक वाढतं, गायी फिरतात, भट्टी जळते. त्यापलीकडचं दिसेल, पण थिजलेलं. दोन्हींची गृहीत किंमत १०.

ताई, जुन्या मशीनवर इथेच हात घाला. १० म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, ४४१ चंक. ६ केलंत तर १३ गुणिले १३, फक्त १६९. आकडा निम्म्याहून थोडा जास्तच राहिला, पण बोजा निम्म्याहूनही खूप खाली आला. मी दिसण्याचा आकडा ८ आणि चालण्याचा ५ ठेवतो. सर्व्हर धापा टाकायला लागला की रॅम वाढवायच्या आधी हे करून बघा.

तर्कटी

'पल्ला' म्हणा ना. नजरेचा पल्ला, हालचालीचा पल्ला. 'अंतर' दोन बिंदूंमधलं असतं. कुठवर पोचतं ते सांगायला पल्लाच.

चंकला 'वाफा' सुचवतो. शेतात आखलेला चौकोन.

क्रीपरचा_शेजारी

पण चंक खाली बेडरॉकपासून वर आकाशापर्यंत असतो. ३८४ ब्लॉक उंच. वाफा कसा?

तर्कटी

मान्य, वाफा बाद. चंकच राहू दे. ब्लॉकला मात्र 'ठोकळा', तिथे माघार नाही.

फळा-डस्टर

टिक म्हणजे घड्याळाची टिकटिकच का?

घाटमाथा

तीच. सर्व्हर सेकंदाला २० वेळा सगळ्या जगाचा हिशेब करतो. एक टिक ५० मिलिसेकंदांची. तेवढ्यात हिशेब उरकला नाही की गाडी मागे पडते, सर्व्हरच्या खिडकीत 'कान्ट कीप अप' अशी ओळ येते, आणि खेळात दार उघडायला एक क्षण जास्त लागतो. 'मॅक्स-टिक-टाइम' नावाची ओळ आहे, तिच्यात ६०,००० मिलिसेकंद. एकच टिक अख्खा मिनिट रेंगाळली तर सर्व्हर अडकला असं समजून तो स्वतःलाच बंद करतो.

फळा-डस्टर

आपल्याकडे कालमापनाची परंपरा मोठी आहे. एक घटिका २४ मिनिटांची, तिची ६० पळं, एका पळाची ६० विपळं. म्हणजे विपळ ०.४ सेकंदाचं. तुमच्या आठ टिकांचं बरोबर एक विपळ होतं! नातू म्हणतो त्यांचा अख्खा दिवस २० मिनिटांचा. म्हणजे घटिकाही भरत नाही.

तर्कटी

सर, हिशेब चोख आहे, पण पोरांना विपळ शिकवून मग टिक शिकवायची म्हणजे काम दुप्पट. 'ठोका' चालेल. सेकंदाला २० ठोके. ठोका चुकला की गचके.

बाभूळबन

ठोका आणि गचके, दोन्ही घेतले. सरांचं विपळ तळटीप म्हणून टाकते, कुणी तरी वाचेल.

सीडचं मी 'बी' केलंय. तेच बी टाकलं तर तेच जग उगवतं, निदान त्याच आवृत्तीत. अक्षरं लिहिली तर सर्व्हर त्यांचा आकडा करून घेतो. आणि जग एकदा तयार झाल्यावर ही ओळ बदलून उपयोग नाही, बी जगाच्या फायलीत गेलेलं असतं. यावर कुणाची हरकत नसेल तर पुढे, कारण खरं घोडं ग्रीफिंगवर अडलंय.

फळा-डस्टर

ग्रीफिंग म्हणजे?

क्रीपरचा_शेजारी

दुसऱ्याचं घर उगाच पाडणं, चेस्टमधलं चोरणं, लाव्हा ओतणं. फायदा काही नसतो, नुसता त्रास द्यायचा.

फळा-डस्टर

अरे, याला तर 'विघ्नसंतोष' हा हुकमी शब्द आहे! स्वतःला लाभ नाही, दुसऱ्याचं बिघडल्याचा आनंद. असं करणारा तो विघ्नसंतोषी.

घाटमाथा

माणसांपुरता उत्तम. पण खेळात 'मॉब ग्रीफिंग' नावाचा नियमही आहे (मॉब म्हणजे खेळातले प्राणी, राक्षस, गावकरी). तो प्रॉपर्टीजच्या फायलीत नसतो, आत गेल्यावर 'गेमरूल' आज्ञेने लावायचा. क्रीपर हा राक्षस फुटल्यावर खड्डा पडावा का, एंडरमन या दुसऱ्या राक्षसाने ठोकळे उचलून न्यावेत का, हे तो ठरवतो. क्रीपरला कसला संतोष? तो स्वतःच मरतो.

तर्कटी

मग तिथे 'नासधूस'. मॉबची नासधूस: चालू / बंद.

घाटमाथा

इथेच पाय घसरतो. 'नासधूस बंद' वाचलं की वाटतं, यात वाईट काय, करून टाका. बरेच जण तसंच करतात. पण हा नियम बंद केला की खेळातले गावकरी शेती करायचे थांबतात. पिकलेलं कापत नाहीत, नवीन लावत नाहीत, म्हणून एकमेकांना अन्न देत नाहीत आणि गावाची वाढ खुंटते. मग लोक विचारत बसतात की गावकऱ्यांना झालंय काय. नियमाचा खरा अर्थ 'प्राण्यांनी-राक्षसांनी जगातल्या ठोकळ्यांना हात लावावा का' एवढाच. त्यात क्रीपरचा खड्डाही आला आणि शेतकऱ्याचा गहूही. मुळात नाव देणाऱ्याला फक्त खड्डा दिसला.

बाभूळबन

म्हणजे शब्दाचं मराठी नीट केलं तर चूकही नीट मराठीत येईल. मी नाव सोडून देते आणि लिहिते: 'मॉबनी ठोकळ्यांना हात लावायचा का? नाही म्हटलंत तर क्रीपरचे खड्डे थांबतील, पण गावकऱ्यांची शेतीही थांबेल.'

तर्कटी

तेच म्हणत होतो पहिल्यापासून. (विघ्नसंतोषी मात्र सोसायटीच्या नोटीस बोर्डासाठी राखून ठेवा.)

क्रीपरचा_शेजारी

कीप इन्व्हेंटरीपण लिहा. मेल्यावर सामान राहतं तो.

फळा-डस्टर

'मेल्यावर ऐवज जवळ राहतो.' सामान स्टेशनवर असतं; कमावलेला तो ऐवज.

घाटमाथा

अवांतर: बिल्डिंगबाहेरच्या मित्रांनाही घेणार असाल तर राउटरमध्ये २५५६५ हे पोर्ट उघडावं लागेल. त्याआधी कनेक्शन देणाऱ्याला विचारा की स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता आहे का. आमच्याकडे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला होता. राउटरमध्ये काहीही उघडा, बाहेरून हाक आतपर्यंत पोचायचीच नाही.

बाभूळबन

यंदा बिल्डिंगपुरतंच. शेवटचं एक: 'एमओटीडी', म्हणजे सर्व्हरच्या यादीत नावाखाली दिसणारी ओळ. मुळात 'अ माइनक्राफ्ट सर्व्हर' असते. याला 'पाटी' म्हणायचं ठरवलंय, आणि पाटी मराठीत हवीय.

क्रीपरचा_शेजारी

काकू, खेळाच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात. 'स्वागत'चा 'स्' वेगळा पडतो. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते.

फळा-डस्टर

म्हणजे जोडाक्षर नाही आणि र्‍हस्व इकार नाही. झकास गृहपाठ. घ्या: 'या. बसा. घर बांधा. शेजारचे पाडू नका.'

तर्कटी

'शेजारचं' हवं. पोरं तसंच बोलतात.

फळा-डस्टर

पाटी लेखी असते.

बाभूळबन

मालक मी. 'शेजारचं'.