सल्ला हवा: नववीच्या मुलांना थ्रीडी प्रिंटर आणि लेझर शिकवायला कोणता प्रकल्प घ्यावा?

दारव्हा_मास्तर
राम राम मंडळी. शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, नववीची 24 मुलं. शाळेत 220 बाय 220 मिमी बेडचा एक थ्रीडी प्रिंटर आहे, लेझर कटर नाही. नेट येऊनजाऊन, लाईन तर विचारूच नका. किचेन आणि नावाच्या पाट्या काढून झाल्या, आता मुलांनी स्वतः डिझाइन करावं असं काहीतरी हवं. सायकलच्या चाकावर ढकलायचं, ठरावीक अंतरावर दाणा टाकणारं टोकण यंत्र डोक्यात आहे. झेपेल का? सुरुवात कुठून करावी?

कारागीर_आर्वी
झेपेल, पण अख्खं यंत्र घेऊ नका सर. फक्त बियाण्याची तबकडी घ्या, म्हणजे काठावर खाचा असलेली चकती; ती फिरते तशी एकेका खाचेतून एकेक दाणा खाली पडतो. सांगाडा, चाक, फण हे वेल्डिंगवाल्याचं काम. मुलांचं शिक्षण तबकडीत आहे, कारण अर्धा मिमी चुकला की निकाल लगेच दिसतो.

आधी माप. सोयाबीनचे 50 दाणे घ्या, व्हर्नियरने प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी लिहा. सरासरीवर जाऊ नका, सर्वांत मोठा दाणा बघा. तो 7.6 मिमी भरला तर खाच 8.5 रुंद आणि 7 खोल. खोली वाढवली की एकावर एक दोन दाणे बसतात.

मग खाचांची संख्या. चाकाचा घेर दोरीने मोजा. 16 इंची सायकलचं चाक समजा 120 सेमी भरलं आणि तबकडी चाकाच्याच आसावर असली, तर 12 खाचांना दोन दाण्यांत 10 सेमी अंतर पडतं. 5 सेमी हवं तर 24 खाचा. 120 मिमी व्यासाच्या तबकडीच्या काठावर 24 खाचा आरामात मावतात. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या.

आणि तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारी एखादी बाई वर्गात बोलवा. दाणा किती सुटतो याचा अंदाज त्यांच्या बोटांत असतो, मुलांचे प्रश्न तिथूनच निघतील.

वऱ्हाडी_फॅब
भाऊंनी बरोबर सांगितलं. मशीनच्या बाजूने भर घालतो.

एवढी तबकडी 15 मिमी जाड छापायला पाच-सहा तास लागतात. चार-चार मुलांचे सहा गट म्हणजे सहा तबकड्या. आठवडा गेला राजेहो. म्हणून आधी पूर्ण तबकडी छापूच नका. 40 मिमीचा तुकडा काढा, त्यात 8, 8.5 आणि 9 मिमीच्या तीन खाचा. अर्ध्या तासात होतो, सहाही गटांचे तुकडे एकाच बेडवर मावतात. दाणा कुठे अडकतो, कुठे सैल पडतो ते हातात कळतं. छापलेलं भोक कागदावरच्या मापापेक्षा 0.2 ते 0.4 मिमी लहान येतं, त्यामुळे 8 मिमीच्या आसासाठी 8.4 काढा.

सॉफ्टवेअर: नेट असेल त्या दिवशी टिंकरकॅडवर ओळख, खरं काम फ्रीकॅडमध्ये. ते नेटशिवाय चालतं, फुकट आहे, आणि माप बदललं की चित्र आपोआप बदलतं. खाचेची रुंदी एकाच जागी लिहायची सवय लावा, नाहीतर 24 खाचा हाताने दुरुस्त करत बसावं लागेल.

प्लास्टिक: सरावाला पीएलए. शेवटची तबकडी पीईटीजीत, नोझल 235-240 अंश, बेड 75-80 अंश. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ठेवलेली तबकडी वाकडी होते आणि मग यंत्रात तिच्याभोवतीच्या कवचाला घासते. पावसाळ्यात रीळ हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट. छापताना तटतट आवाज आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर रीळ ओली झाली समजा.

दारव्हा_मास्तर
हे छानच. लेझरचं काय करू? आणि छापताना लाईन गेली तर?

मोजमाप
लेझर गावात नसेल, तालुक्याला ट्रॉफी आणि नेमप्लेट बनवणाऱ्याकडे बहुतेक असतो. तबकडी 3 मिमी एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) पाच थरांची करा: मधले तीन खाचांचे, बाहेरचे दोन सपाट. एका गटाचे पाचही थर काही मिनिटांत कापून होतात. छापण्याआधीची चाचणी यावरच घ्या. पाणी लागलं की एमडीएफ फुगतं, म्हणून वावरात नेऊ नका.

फाइल डीएक्सएफ द्या आणि कोपऱ्यात 100 मिमीचा चौकोन काढून ठेवा. मिलिमीटर-इंचाचा घोळ झाला की भाग 25.4 पट लहान-मोठा होतो. दुकानदाराने चौकोन मोजला की तिथेच सापडतो. लेझरची रेघ स्वतः 0.1 ते 0.2 मिमी खाते, तेवढी खाच मोठी येणार.

एक गोष्ट कडक. सनबोर्ड कापायला देऊ नका. ते पीव्हीसी आहे, लेझरखाली हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. फुप्फुसालाही वाईट आणि मशीनलाही.

वऱ्हाडी_फॅब
लाईनसाठी: प्रिंटर जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो खरा, पण तोवर बेड थंड होतो आणि वस्तू सुटते. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस काही मिनिटंच टिकतो. घरगुती साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि 150 एएचची बॅटरी लावा, बटण यूपीएस मोडवर.

कारागीर_आर्वी
चाचणीचं राहिलं. माणूस ताशी 2.7 किमी चालतो असं धरलं तर चाक मिनिटाला साधारण 38 फेरे घेतं. तबकडी तेवढ्याच वेगाने हाताने 20 फेरे फिरवा. 12 खाचांना 240 दाणे पडायला हवेत. 228 ते 252 मध्ये आले तर ठीक. कमी आले तर वेग जास्त किंवा खाच अरुंद, जास्त आले तर खाच खोल किंवा खाचेवरचे जास्तीचे दाणे झाडणारा ब्रश सैल.

फुटलेले दाणे वेगळे मोजा. सोयाबीनचं साल पातळ. कडक ब्रशने दाणा आतून दुखावतो आणि वरून दिसत नाही. यंत्रातून गेलेले 100 आणि न गेलेले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण ताडून पाहा. खाचेची कड 1 मिमी तिरपी केली तर फूट कमी होते.

बीजप्रक्रिया केलेलं, रंग लावलेलं बियाणं मुलांच्या हातात देऊ नका. दुकानातलं साधं सोयाबीन घ्या.

मोजमाप
आणि ओल्या काळ्या मातीत चाक घसरतं, वर गाळ चिकटून घेर वाढतो. दोन्हींमुळे अंतर वाढतं. वर्गात 10 आलं, वावरात 11 आलं, तर तबकडीला दोष देऊ नका, आधी चाकाला खिळे किंवा पट्ट्या लावून बघा.

वाचक_पुसद
शिक्षकांना स्वतः शिकायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघा. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केला, आणि तिथली फॅब लॅब (अशा डिजिटल मशीनची कार्यशाळा) 2002 ची, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या लॅबपैकी. ग्रामीण शाळांसाठी काम करतात.

दारव्हा_मास्तर
सोमवारी व्हर्नियर आणि अर्धा किलो सोयाबीन घेऊन सुरू करतो. आसाची बेअरिंग कोणती घेऊ?

कारागीर_आर्वी
608. आतून 8, बाहेरून 22, जाडी 7 मिमी. दोन लागतील, चार आणा.