‘द लास्ट ओ.जी.’ला समीक्षकांनी दयेचे मार्क दिले का?

कट्टेकरी :
‘द लास्ट ओ.जी.’ या अमेरिकन विनोदी मालिकेचे चारही सीझन संपवले. विनोदी नट ट्रेसी मॉर्गनने रंगवलेला ट्रे बार्कर पंधरा वर्षं तुरुंगात काढून ब्रुकलिनला परततो. तोवर त्याची मैत्रीण शे हिने एका गोऱ्या माणसाशी लग्न केलेलं असतं आणि ट्रेला माहीतही नसलेली त्याची जुळी मुलं त्या घरात वाढत असतात. कल्पना झकास आहे. पण २०१८ मध्ये पहिला सीझन आला तेव्हा बहुतेक समीक्षकांनी जे कौतुक केलं ते मला पटलेलं नाही. २०१४ च्या जूनमध्ये मॉर्गनच्या गाडीला ट्रकने धडक दिली, बरोबरचा मित्र गेला, हा कोमातून परत आला. तो पुन्हा उभा राहिलेला पाहून लोक हळवे झाले आणि मालिकेला दयेचे मार्क मिळाले. मोजक्यांनी नस बरोबर पकडली : हिला आपला सूरच सापडत नाही. आत्ता पाचकळ विनोद, लगेच डोळे पुसा. तुरुंग हा विनोदाचा विषयच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

लालबागची लेक :
कट्टेकरी, तुमचं मी नेहमी वाचते. पण काल हे वाचल्यावर जेवण गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा धाकटा मामा नऊ वर्षं आत होता. गुन्हा काय ते लिहीत नाही, पण केला होता, खोटा अडकवला वगैरे काही नव्हतं. सुटून आला तेव्हा मी अकरावीत होते. पहिल्या संध्याकाळी आजीने आतून हाक मारली, “चहा झाला रे.” मामा उठला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि उभाच राहिला. दार सताड उघडं होतं. आजी “ये की आत” म्हणाली तेव्हा आत गेला. रात्री दिवा घालवला की दचकून उठून बसायचा, कारण बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. जेवताना ताट मांडीत घेऊन डाव्या हाताने कड धरून ठेवायचा आणि आमचा पहिला भात कालवून होईस्तोवर त्याचं जेवण उरकलेलं असायचं.

तिसऱ्या दिवशी सगळे बसलेलो असताना तो पटकन उठून म्हणाला, “मोरीत जाऊन येऊ का?” कोणाला विचारलं ते त्यालाही कळलं नाही. माझा धाकटा भाऊ म्हणाला, “मामा, आमच्या बाईपण विचारल्याशिवाय सोडत नाहीत.” सगळे हसलो. सगळ्यात मोठ्याने मामाच हसला. तो बाहेर आल्यावर आजी मोरीत गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ तिथेच बसली.

आता या प्रसंगाचा सूर कोणता लावायचा ते मला सांगा. विनोदी म्हणू की दुःखी? ज्याला तुम्ही सूर बिघडणं म्हणता ते आमच्या घरात दिवसातून चारदा व्हायचं. ट्रे तुरुंगात शिकलेला स्वयंपाक डोक्यात घेऊन बाहेर येतो आणि कॉफीच्या दुकानात कामाला लागतो. तिथली भाषा, माणसं, भाव, सगळं पंधरा वर्षांनी पुढे गेलेलं. त्याच्या प्रश्नांवर हसू येतं आणि हसल्याची लाजही वाटते. मुलांबरोबरच्या प्रसंगांत मॉर्गन किती आवरून खेळलाय ते परत एकदा बघा. ते मार्क त्याने कमावलेत, अपघाताने मिळालेले नाहीत.

कुर्ल्याचा दुकानदार :
ताई, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण मला दुसरी बाजू मांडायचीच आहे, कारण या मालिकेत ती कुठेच नाही.

१९९४. वडिलांचं किराणा दुकान. दर महिन्याला पाकीट जायचं. एका महिन्यात बहिणीचं लग्न होतं, वडील म्हणाले पुढच्या वेळी देतो. रात्री दुकान बंद करताना चौघे आले, शटर वडिलांच्या हातावर पाडलं आणि वर पाय देऊन उभे राहिले. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आजही वडील वजनकाट्यावर डाव्या हातानेच माल टाकतात. त्यातला एक जण सात वर्षांनी सुटला तेव्हा गल्लीत फटाके वाजले, हार घातले. वडील शटर अर्धं ओढून आत बसून होते, दिवाही लावला नाही.

ट्रे क्रॅक, म्हणजे कोकेनचा नशेचा माल, विकायचा. ज्या घरांत ते गेलं त्या घरांचं पुढे काय झालं? मालिका गेटवर सुरू होते म्हणून आधीचं सगळं आपोआप माफ. समीक्षकांनी त्याला दुसरी संधी, माणुसकी म्हटलं. आमच्या वडिलांची बोटं त्या समीक्षेत कुठे बसतात?

डिलाईल रोड :
दोघांच्याही हातून मूळ मुद्दा निसटतोय. मालिकेचा खरा विषय तुरुंग नाही, मोहल्ला आहे. ट्रे परततो तेव्हा त्याचं ब्रुकलिन गोऱ्या पैसेवाल्यांनी भरून गेलेलं असतं. तो आत होता म्हणून त्याला बदल एकदम दिसला. आम्ही बाहेर असूनही आमचं तेच झालं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. माझे आजोबा त्यात होते. संप मिटल्याचं कोणी जाहीर केलंच नाही, आजोबा मरेपर्यंत स्वतःला संपावर समजत होते. आज जिथे भोंगा व्हायचा तिथे चिमणी शोभेला ठेवलीय आणि खाली मॉल आहे. आमच्या चाळीसमोरच्या हॉटेलात एक कप कॉफी ज्या भावाला मिळते त्यात आजी महिन्याचं रॉकेल आणायची. लालबाग-परळवर अशी एक मालिका मराठीत का होत नाही, यावर बोला. आमच्या वाहिन्यांना सासू-सुनेच्या पलीकडे घरच दिसत नाही.

कट्टेकरी :
विषय मालिकेच्या समीक्षेचा आहे. गिरण्यांसाठी वेगळा धागा काढा.

डोंबिवलीकर :
काढू द्या की, मलाही बोलायचंय. लालबाग-परळच्या लोकांना कोणी हात धरून हाकललं नाही. माझ्या वडिलांनी १९८९ मध्ये चाळीतली खोली पागडीवर दिली आणि डोंबिवलीत स्वतःच्या नावावर ब्लॉक घेतला. चाळीत बारा बिऱ्हाडांत दोन संडास होते, आईला पहाटे चारला उठून रांग धरावी लागायची. डोंबिवलीत पहिल्या दिवशी ती संडासाचं दार आतून लावून नुसतीच रडली. ही सगळी माणसं मजबूर होती असं म्हणणं म्हणजे त्यांनी घेतलेल्या निर्णयाचा अपमान आहे. चाळीचं हे गोडवे गाणं आता पुरे झालं.

डिलाईल रोड :
निर्णय? पगार बंद, पीएफ अडकलेला, मुलीचं लग्न तोंडावर, अशात खोली विकली तर त्याला निर्णय म्हणायचं? आणि जमिनीचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे की नाही? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती करून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली. गिरणीच्या इमारतीखालची जमीन वाटणीतून गेली की मग उरलं काय? हायकोर्टाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये तो फिरवला. कामगारांच्या घरांची सोडत निघायला २०१२ उजाडलं. संपापासून मोजा, तीस वर्षं झाली. आजोबा तोवर राहिले नाहीत. तुमच्या ब्लॉकचा आनंद मला मान्य आहे, पण त्याच्या जोरावर आमच्या आजोबांना शहाणपण शिकवू नका.

डोंबिवलीकर :
शहाणपण नाही शिकवत. माझे वडीलही त्याच संपात होते, त्यांनीही एकवीस महिने बिनपगारी काढले. त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क तुमच्याइतकाच मला आहे. नियम ५८ चं तुम्ही म्हणता ते खरं आहे, जमिनीची लूट झाली, तेवढं मान्य. चाळ स्वर्ग होती हे मान्य नाही.

किल्ला कोर्ट :
मी फौजदारी वकिली करते, त्यामुळे मला या धाग्यात वेगळंच खटकतंय. ट्रे सुटल्यावर कुठे राहतो? सेड्रिक दि एंटरटेनर या नटाने रंगवलेला मलिन्स चालवतो त्या वसतिगृहात, सुटलेल्यांसाठीच्या. नियम आहेत, ओरडणारा माणूस आहे, पण रात्री पाठ टेकायला गादी आहे. आपल्याकडे अशी सोय किती जणांच्या वाट्याला येते? माझा एक अशील रात्री आठला सुटला. हातात आधारच्या झेरॉक्सची पिशवी आणि कॅंटीनच्या खात्यावरचे उरलेले पैसे. गावाची शेवटची एसटी गेलेली. स्टँडवर झोपला, तिथून पोलिसांनी संशयावरून उचलला, सकाळी फोन मला.

आणि आपण सगळे शिक्षा भोगून आलेल्यांबद्दलच बोलतोय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ अखेरच्या आकड्यांत देशातल्या ५.७३ लाख बंद्यांपैकी ४.३४ लाख कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांचा खटलाच संपलेला नाही. ते सुटतात तेव्हा त्यांच्या नावावर गुन्हा शाबीत नसतो, तरी गल्ली त्यांना सुटलेलाच म्हणते. हे कुठल्या विनोदी मालिकेत आणायचं?

कुर्ल्याचे दादा, तुमचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पीडितांच्या भरपाईसाठी कायद्यात स्वतंत्र कलम २००९ मध्ये कुठे आलं. तुमच्या वडिलांच्या वेळी कोर्टाने आरोपीकडून भरपाई वसूल करून दिली तरच काही हातात येणार. पण आरोपीचं पुनर्वसन आणि पीडिताची भरपाई यांतलं एकच निवडा असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. आपल्याच राज्यात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला, औंध संस्थानाच्या काळापासून खुली वसाहत आहे. कैदी तिथे शेती करतात. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच. आपल्याला हा विषय नवा नाही.

कट्टेकरी :
‘दो आँखें’ आठवण करून दिलीत ते बरं झालं. तो गंभीर आहे म्हणूनच टिकला, मी हेच म्हणतोय.

लालबागची लेक :
त्यातही खेळणी विकणारी बाई आहे, गाणी आहेत, कट्टेकरी. माणसं हसतात त्यातही.

दुकानदार दादा, तुम्हाला उत्तर देण्यापूर्वी दोन दिवस थांबले. मामा ज्यांच्या घराचा गुन्हेगार होता ती माणसं दोन गल्ल्या सोडून राहायची. तो सुटल्यावर आजीने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की त्या रस्त्याने जायचं नाही. भीतीने नव्हे, त्यांना तुझं तोंड दिसायला नको म्हणून. मामा मरेपर्यंत बाजारात लांबून वळसा घालून गेला. माफी मागायला कधी गेला नाही. जायला हवं होतं असं मला आज वाटतं, आणि तुमच्या वडिलांचं वाचल्यावर फारच वाटतं. आमच्या घरात त्या लोकांचं नाव निघत नसे. तेव्हा मालिकेत ती बाजू नाही, हे तुमचं बरोबर आहे. आमच्याही घरात नव्हती.

नोकरीचं म्हणाल तर पोलिसांचा दाखला मागितला की मामा तिथूनच परत फिरायचा. आत सुतारकाम शिकला होता. शेवटी एका मखरवाल्याने गणपतीच्या दीड महिन्यासाठी ठेवून घेतला, दाखला न मागता. पटाशीने लाकूड तासताना त्याच्या हाताला जी शांतता यायची ती घरात कधी दिसली नाही. म्हणूनच ट्रेचं कॉफीच्या दुकानातलं काम मला विनोदाच्या आधी कामच दिसतं.

कट्टेकरी :
‘दयेचे मार्क’ हे शब्द मागे घेतो. पहिला सीझन पुन्हा पाहिला, मॉर्गनच्या कामाबद्दल तुम्ही म्हणता ते नाकारता येत नाही. पण सूर बिघडतो हे मागे घेणार नाही. तुमच्या मोरीच्या प्रसंगात हसू आणि रडू एकाच वाक्यातून येतं. मालिकेत पुष्कळदा दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली आहेत. शिवाय २०२१ च्या चौथ्या सीझनला शेचं काम करणारी टिफनी हॅडिश नाही. शे गेल्यावर ट्रेला सामोरं जायला कोणी उरतच नाही. त्यावर कोणी काही म्हणणार असेल तर ऐकतो.

डिलाईल रोड :
मोहल्ल्याचा मुद्दा मात्र कोणीही खोडलेला नाही, याची नोंद असू द्या.

कुर्ल्याचा दुकानदार :
ताई, तुम्ही आजींचं जे सांगितलंत ते मी वडिलांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून दुपारी त्यांना मालिकेचे दोन भाग लावून दिले, संवाद मी मराठीत सांगत होतो. सगळं मन लावून बघितलं. एकदा हसलेही. संपल्यावर एकच विचारलं, “त्या कॉफीवाल्याने याला गल्ल्यावर बसवलं का रे?”

मला सांगता आलं नाही. कोणाला आठवत असेल तर लिहा, ते अजून विचारताहेत.