मदत हवी आहे: आईचे गुडघे, सहा वर्षांची लेक आणि जंगलातली एक दिवसाची वाट (सांगली-सातारा)

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ पुण्याहून कुटुंबासह येतोय. म्हणजे मोठे चौघं, भावाचा ११ वर्षांचा मुलगा, माझी ६ वर्षांची मुलगी आणि आई, वय ६८. भाऊबीज झाली की एक दिवस सगळ्यांनी जंगलात चालायला जायचं ठरलंय. चालायला, गाडीच्या काचेतून बघायला नाही. दोन-तीन तासांची वाट असावी, डोक्यावर झाडी असावी आणि मध्ये बसून खालचं खोरं बघता येईल असे एक-दोन पॉइंट असावेत. एवढंच मागणं आहे.

महाबळेश्वर सुचवू नका. वैर काही नाही, केट्स पॉइंटवरून धोमचं पाणी बघून मीही गप्प झालेलो आहे. पण दिवाळीच्या आठवड्यात पसरणी घाटात गाडीमागे गाडी लावून वर जायचं आणि कड्यावर उभं राहून दुसऱ्याच्या सेल्फीत यायचं, हे यंदा नको.

आता हा धागा का काढला ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात कोयना अभयारण्यातल्या वासोटा किल्ल्याला गेलो होतो. एका ट्रेकवाल्या ग्रुपनं ‘सोपा, फॅमिली ट्रेक’ असं सांगितलं आणि आम्ही खुळ्यासारखे आईलाही घेऊन गेलो. बामणोलीतून लाँच, शिवसागर म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं निळं पाणी, पलीकडं मेट इंदवलीला वन खात्याच्या चौकीवर पिशव्यांमधल्या प्लास्टिकची मोजदाद, इथवर सगळं झकास. पुढं ओढ्याजवळच्या मारुती-गणपतीला नमस्कार केला आणि खरा चढ सुरू झाला. ‘अर्ध्या तासात वर’ म्हणणारा गाईड पाऊण तासानंही तेच म्हणत होता. लेक तेव्हा चार वर्षांची, ती माझ्या खांद्यावर झोपली. आई एका मुळावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही जावा, मी हितंच बसते.” अभयारण्यात म्हाताऱ्या माणसाला एकटं बसवून पुढं कोण जाणार? लाँच ठरल्या वेळेला परत निघणार होती, ती काही आपल्यासाठी थांबत नाही. तिथूनच मागं फिरलो. किल्ल्यावरून दिसणारा बाबू कडा फोटोतच बघितला.

चढताना आई कुरकुरली नव्हती, हे मुद्दाम लिहितोय. रडकुंडीला आली ती उतरताना. सुट्या दगडांवर दर पावलाला माझं मनगट घट्ट धरत होती. घरी आल्यावर बघितलं तर बोटांचे वळ उठले होते.

म्हणून नेमके प्रश्न:

सागरेश्वर अभयारण्य लहान मुलांना घेऊन चालण्यासारखं आहे का? लहानपणी शाळेच्या सहलीला गेलो होतो. भडंगाची पुडी माकडानं पळवली, एवढंच आठवतं.

चांदोलीत पायी फिरू देतात का?

सातारच्या बाजूला आई निम्म्या वाटेवर निवांत बसू शकेल आणि बाकीचे पुढं जाऊन येतील असं ठिकाण कुठलं?

कास पठारावरची फुलं आता संपली असणार हे माहीत आहे, त्यामुळं कास यादीत नाही.

---

देवराष्ट्रेकर:

दादा, सागरेश्वरला डोळे झाकून या. पण ‘घनदाट अरण्य’ डोक्यात ठेवून येऊ नका, नाहीतर हिरमोड होईल. हे लावलेलं जंगल आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं उभी राहिली, सांबर-चितळं आणून सोडली आणि १९८५ साली अभयारण्य झालं. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, भोवतीनं कुंपण. मुलं हरवायची भीती कोयनेच्या रानापेक्षा पुष्कळ कमी.

वाट रुंद आहे, चढ हळूहळू चढत जातो. रणशूळ पॉइंटवर पोचलात की खाली कृष्णाकाठ पसरलेला दिसतो. या दिवसांत ऊसतोड सुरू होते. काही फड रिकामे, काही हिरवेगार, मध्येच पाचट पेटवल्याचा धूर. आमचंच रान, पण वरून बघितलं की आपलं वाटत नाही. महानगुंड पॉइंटही बघा. तिकडं जाताना मात्र ऊन लागतं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पाणी घरून न्या, माणशी दोन लिटर तरी. हा कमी पावसाचा डोंगर आहे, वाटेत बारमाही ओढा नाही. सकाळी गेट उघडायलाच या. दहानंतर चितळं सावलीत बसतात आणि मग मुलं ‘कुठंयत प्राणी?’ म्हणून डोकं खातात. आणि खाण्याच्या पिशव्या हातात लोंबकळत्या ठेवू नका, पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. तुमच्या भडंगाचा चोर गेला असेल, त्याची नातवंडं आहेत.

गाडी आत कुठवर सोडतात ते गेटवर विचारूनच आईंना उतरवा. त्या वर आल्या नाहीत तरी पायथ्याला सागरेश्वराची जुनी देवळं आहेत, सावली आहे, त्यांचा वेळ छान जाईल. परत जाताना देवराष्ट्र्यात यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर मुलांना दाखवा. आमच्या गावचं कौतुक आम्हीच करतो, चालवून घ्या.

---

वारणेचं पाणी:

चांदोलीबद्दल. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि कोयना अभयारण्याबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. मनाला येईल तिथं उतरून चालायची मुभा नाही. मणदूरच्या बाजूनं रीतसर परवानगी घेऊन गाडीनं आत जायचं, ठरलेल्या ठिकाणी उतरायचं. झोळंबीचा सडा, जनीचा आंबा ही नावं तिथं गेल्यावर ऐकाल. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, उभं राहिल्यावर चहूबाजूंनी नुसतं जंगल दिसतं, तसलं सांगली जिल्ह्यात दुसरीकडं नाही. आईंसाठी उत्तम, कारण बसूनच सगळं होतं. पण तुम्हाला चालायचं आहे, आणि ते इथं होणार नाही. ११ वर्षांचा पोरगा जीपमध्ये तासाभरात कंटाळेल. चांदोली वेगळ्या दिवशी करा, एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

---

पेठेतली सून:

सातारकर म्हणून माझं मत पाटेश्वरला. देगावच्या बाजूनं जायचं. सुरुवातीला गणपतीची मूर्ती लागते आणि तिथून झाडीतली दगडी पायऱ्यांची वाट. आमच्या सासूबाई थांबत थांबत पाऊण तासात चढतात. वर पुष्करणी आहे, लेणी आहेत आणि इतक्या तऱ्हांच्या पिंडी आहेत की माझ्या मुलानं मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या. एकाच शिळेवर शेकडो बारक्या पिंडी कोरलेल्या आहेत, त्या दाखवायला विसरू नका. गर्दी जवळजवळ नसते. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार सोडून सांगतेय.

खोरं बघायचं असेल तर ठोसेघर. धबधब्याची धार दिवाळीपर्यंत बारीक होते, पण समोरच्या गॅलरीला कठडा आहे आणि तिथवरची वाट बांधलेली आहे. जाताना सज्जनगड लागतोच, पुढं चाळकेवाडीचं पठार आणि पवनचक्क्या. फक्त सांगलीहून जाऊन-येऊन दिवसभर गाडीतच जाईल, मग चालणार कधी?

---

गुडघेदुखी तज्ज्ञ (घरातली):

मी फिजिओथेरपी करते, म्हणून जागेबद्दल नाही, आईंबद्दल लिहिते. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, त्यामुळं वासोट्याला जे झालं त्यात नवल नाही. त्यांना काठी द्या, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. घरच्या जिन्यावर आठवडाभर सराव करून घ्या, डोंगरावर जाऊन शिकवू नका. तुम्ही हात धरू नका, त्यांनी तुमचा खांदा धरावा. तुम्ही एक पाऊल पुढं आणि खाली. मनगट धरलं की दोघांचाही तोल जातो.

आणि एक विचारू का? आईंना जंगलात यायचंय का, की सगळे जाताहेत म्हणून त्या येताहेत?

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न टोचला, म्हणून काल रात्री आईला सरळ विचारलं. ती म्हणाली, “मला वर यायचं नाही असं मी कधी म्हटलं? मला उतरायची भीती वाटते.” मग तिनंच वासोट्याचं काढलं. त्या मुळावर बसल्यावर समोरच्या झाडावर शेकरू दिसलं होतं म्हणे, लांब शेपटीचं. आम्ही लाँचच्या घाईत होतो, कुणाला सांगणार?

ठरलं ते असं. भाऊबीजेनंतरच्या रविवारी सागरेश्वर. सकाळी सहाला निघायचं. काठी आजोबांची माळ्यावर सापडली, तिला खाली रबरी बूच बसवून आणलंय. जिन्यावर सराव सुरू आहे आणि लेक “दुखरा आधी, दुखरा आधी” असं ओरडत आजीच्या पुढं उतरतेय. रणशूळपर्यंत आई आली तर आली, नाही आली तर देवळात मी तिच्याजवळ थांबणार, बाकीचे जातील. पाटेश्वर जानेवारीत.

देवराष्ट्रेकर, एकच राहिलं. गेटजवळ चहा मिळतो का, की थर्मास घेऊ?

---

देवराष्ट्रेकर:

थर्मास घ्या. आणि आमच्यासाठी भडंग.